मोठा पाण्यात, मधला तव्यात

मिनेसोटात वसंत झाडांवर दिसायच्या आधी कानांना कळतो. मार्च-एप्रिलच्या सुमाराला तळ्यावरचा बर्फ आधी राखाडी होतो, मग काळपट. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, अजून चांगला जाड आहे. पण आतून त्याचे उभे, लांबट स्फटिक एकमेकांपासून सुटे झालेले असतात. वारा सुटला की ते एकमेकांवर घासत काठाशी येऊन साचतात आणि बांगड्या भरलेला हात हलावा तसा किणकिणाट करत मोडतात. सकाळी पांढरं असलेलं तळं संध्याकाळी निळं दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यावर लून पक्षी उतरलेला असतो, आणि रात्री त्याची ती लांब, हेल काढलेली हाक ऐकू येते.

याला इथे ‘आइस-आउट’ म्हणतात आणि त्या तारखेची नोंद लोक घरातल्या जन्मतारखांइतक्या आस्थेने ठेवतात. मिनियापोलिसच्या पश्चिमेला असलेल्या मिनेटोंका तळ्याची नोंद तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. 2018 साली हे तळं मोकळं व्हायला 5 मे उजाडला. 2024 साली 13 मार्चलाच तिथे लाटा होत्या. एकच तळं, एकच गाव, आणि फरक जवळजवळ आठ आठवड्यांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसंबून राहणाऱ्याला हा प्रदेश फार काही देत नाही.

तळ्याचं खरं पंचांग म्हणजे पाण्याचं तापमान. पाण्याला एक विक्षिप्त खोड आहे. बहुतेक पदार्थ गार होतील तसे जड होत जातात. पाणी मात्र चार अंश सेल्सिअसला सगळ्यांत जड असतं आणि त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होऊ लागतं. म्हणून हिवाळाभर बर्फालगतचं पाणी शून्याजवळ आणि तळाचं चार अंशांजवळ, अशा थरांनी तळं निजून असतं. बर्फ गेला की उन्हाने वरचा थर तापत चार अंशांवर येतो आणि वरपासून तळापर्यंत सगळ्या पाण्याचं वजन एक होतं. मग एक चांगला वारा पुरतो. तळ ढवळून निघतो, कोंडलेलं पाणी वर येतं, प्राणवायू खाली जातो. वरून पाहिलं तर नुसत्या लाटा दिसतात. खाली मात्र वर्ष बदललेलं असतं.

या बदलाची खबर सगळ्यांत आधी वॉलआयला लागते. वॉलआय हा इथला मानाचा मासा. 1965 पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. पाणी सहा-सात अंशांवर आलं की हे मासे गोट्यांच्या उथळ काठांकडे, काही नद्यांच्या मुखांकडे निघतात. नर आधी येऊन थांबतात. माद्या मागून येतात, रात्रीच्या अंधारात गोट्यांवर अंडी सोडतात आणि परत खोल पाण्यात जातात. घरटं नाही, राखण नाही. मोठ्या मादीची अंडी लाखाच्या घरात असतात. गोट्यांच्या फटींत पडलेली वाचतात, गाळात पडलेली गुदमरतात. पिल्लं बाहेर पडायला दोन-तीन आठवडे लागतात, पाणी गार राहिलं तर आणखी थोडे. आईने दिलेलं भांडवल म्हणजे संख्या, बाकी सगळा तळ्याचा भरवसा.

आणि थोडा कायद्याचा. फेब्रुवारीच्या शेवटाला बंद झालेला वॉलआयचा हंगाम मे महिन्यात, मेमोरियल डेच्या सुटीतल्या शनिवारच्या बरोबर दोन आठवडे आधीच्या शनिवारी उघडतो. अंडी सोडायला आलेला मासा उथळ पाण्यात, हाताशी, गर्दी करून असतो. त्याला पकडणं सोपं असतं, म्हणूनच त्या दिवसांत त्याला हात लावायचा नाही. हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला गंमत वाटली, कारण मी ज्या गावातून आले तिथे नेमकी उलटी रीत होती.

माझं माहेर रायगड जिल्ह्यातलं. मृगाचा पहिला दांडगा पाऊस कोसळला की नदीतले मासे ओढ्या-ओहोळांतून उलटे चढत भातखाचरांत शिरायचे. त्याला वलगण म्हणतात. रात्री बत्त्या घेऊन माणसं बांधांवर उभी राहायची; कुणाकडे पाग, कुणाकडे टोपली, कुणाकडे नुसती काठी. पोरांना झोप म्हणून नसायची. ते मासे चढत असतात अंडी घालायलाच, त्यामुळे पोटं गाभोळीने टम्म भरलेली. आजी गाभोळी वेगळी काढून हळद-मीठ लावून ठेवायची आणि घरातल्या धाकट्याला पहिला तुकडा मिळायचा. वलगणीच्या कालवणाचा वास आठवला की आजही माझी सगळी तत्त्वं थोडी डळमळतात.

थांबणं आमच्याकडे ठाऊक नव्हतं असं नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळी बांधव पूर्वापार हंगाम सुरू करत नाहीत. पण ही शिस्त समुद्रापुरती. ओढ्याला कुणी वाली नव्हता. आता गावाकडून फोन येतो तेव्हा वलगणीची गोष्ट ‘पूर्वी कसे मासे चढायचे’ अशीच सुरू होते. कारणं पुष्कळ आहेत: बंधारे, शेतांतली औषधं, बुजवलेले ओहोळ. पण बत्त्यांच्या उजेडात भरलेल्या त्या टोपल्याही त्या यादीत कुठेतरी असणारच.

इथे वॉलआय बंद असतो तेव्हा माणसं हात बांधून बसत नाहीत. क्रॉपी, ब्लूगिल, पर्च हे तव्यात अख्खे मावतील असे छोटे मासे. इथे त्यांना मिळून पॅनफिश म्हणतात. क्रॉपी आणि सनफिश (ब्लूगिल त्यांतलाच) यांना या तळ्यांत बंद हंगाम नाही. आइस-आउट झालं की पहिला मान त्यांचा. मला गरवायला शिकवलं ते शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला हा माणूस मोजकं बोलतो आणि नावानेच हाक मारतो. तळ्याचा उत्तर काठ धर, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. कारण काठावर उभं राहिलं की आपोआप कळतं. दक्षिणेचं ऊन तिथे थेट पडतं, उत्तरेचा बोचरा वारा मागची झाडं अडवतात, आणि उथळ पाण्याखालचा काळा चिखल ऊन पिऊन घेतो. बाकीच्या तळ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार असलेल्या त्या कोपऱ्यात बारीक जीव आधी जागे होतात. त्यांच्या मागे छोटे मासे येतात आणि छोट्यांच्या मागे क्रॉपी.

क्रॉपीला गरवणं हा बारकाईचा खेळ आहे. मुगाएवढं शिसं, त्याला लावलेली छोटी गरी, जेमतेम दिसणारा तंगूस आणि वर बोटभर लांबीचं बूच. या माशाचे डोळे असे की तो वर बघून खातो. आमिष त्याच्या डोक्याच्या जरा वर टांगलं पाहिजे. खाली गेलं की त्याच्या लेखी ते नाहीच. आणि त्याने आमिष घेतलं की नवख्या माणसाची फसगत होते. बूच बुडेल म्हणून तो बघत बसतो. क्रॉपी आमिष तोंडात घेऊन वर येतो, दोरीवरचा भार जातो आणि उभं असलेलं बूच पाण्यावर सावकाश आडवं होतं. तेवढीच खूण. तेव्हाही झटका द्यायचा नाही, कारण त्याच्या तोंडाचा पडदा इतका पातळ असतो की गरी फाडून निघते. मनगट नुसतं उचलायचं. मग ओल्या हातात काळ्या ठिपक्यांनी भरलेला एक रुपेरी तुकडा येतो. एप्रिलच्या पाण्याने बोटं इतकी बधिर झालेली असतात की त्याची धडपड तळहाताला कळत नाही, डोळ्यांनाच दिसते.

मग मे येतो आणि सगळ्या राज्याला ‘ओपनर’ चढतो. वॉलआयचा हंगाम शुक्रवारच्या मध्यरात्री उघडतो, म्हणून काही जण रात्री बाराला होडीत बसून घड्याळ बघत असतात. आमिषाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. 1948 पासून राज्याच्या गव्हर्नरने या दिवशी कुठल्यातरी तळ्यावर गळ टाकायचा असा रिवाज आहे. त्यांना मासा लागला की नाही ही संध्याकाळच्या बातम्यांतली बातमी असते. कधी हिवाळा हटत नाही. 2013 साली उत्तरेकडच्या कितीतरी तळ्यांवर ओपनरच्या दिवशीही बर्फ होता. होड्या गाडीला जोडून आलेली माणसं काठावर कॉफी पीत उभी होती. बहुतेक वर्षी हा शनिवार-रविवार मदर्स डेचाच असतो आणि त्या दोन दिवसांत इथे राहणाऱ्या आयांना परवान्याशिवाय मासे पकडता येतात. हे कळल्यावर माझी मुलगी म्हणाली, ‘आई, म्हणजे मासळीच्या आयांची सुटी संपली की तुमची सुरू!’ वर्षाचं पान असं योगायोगाने छापलं गेलं आहे खरं.

वॉलआय अंधाराचा मासा आहे. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे परावर्तन करणारा एक थर असतो, त्यामुळे अपुऱ्या उजेडात त्याला इतरांपेक्षा जास्त दिसतं. विजेरीचा झोत पडला की तो डोळा दुधाळ चांदीने पेटतो, आणि त्या क्षणी तो मासा आपल्याकडे बघतोय की आपल्यातून पलीकडे, हे ठरवता येत नाही. पहाट, संध्याकाळ, ढग आणि लाटा हे त्याच्या शिकारीचे वेळ-काळ. वाऱ्याने पाणी खवळलं की उजेड फुटून जातो, छोट्या माशांना नीट दिसत नाही आणि याला दिसतं. म्हणून एरवी घरी बसवणारा वारा ओपनरला लोकांना हवासा वाटतो.

पाणी अजून गार, त्यामुळे मासा सुस्त. जिगला, म्हणजे शिसं लावलेल्या गरीला, छोटा जिवंत मासा टोचून तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा, पुन्हा टेकवायचा, आणि हे सगळं आपल्या स्वभावाला परवडेल त्याहून सावकाश. खेच क्वचितच येते. एकदा उचलताना दोर थोडा जड लागतो, ओलं पान अडकलंय की काय असं वाटतं, आणि मग ते पान मान हलवतं. वर येतो तो ऑलिव्ह-सोनेरी अंगाचा, पाठीवर काट्यांचं शिड उभारलेला, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असलेला मासा. या दिवसांत हाती लागतात ते बहुतेक नर. अंडी सोडून दमलेल्या माद्या खोल पाण्यात असतात, त्यांना भूक लागायला अजून वेळ असतो.

मला या सणाचं आकर्षण वाटतं ते वेगळ्याच कारणाने. हा खाण्याचा सण आहे, पण तो साजरा होतो तो न खाल्लेल्या दिवसांमुळे. लाखो माणसांनी एकमेकांकडे न बघता, एकाच माशापासून अडीच महिने हात दूर ठेवलेला असतो. आणि हा करार मोडला तर काय होतं, हेही या राज्याने पाहिलेलं आहे. उत्तरेकडचं रेड लेक हे वॉलआयचं माहेरघर. जाळी, गळ, चोरटा व्यापार अशा सगळ्यांनी मिळून तिथे इतका उपसा केला की 1990 च्या दशकाच्या मध्यावर वॉलआय जवळजवळ संपला. रेड लेकच्या ओजिब्वे या मूळनिवासी जमातीने आपली व्यापारी मासेमारी आधी थांबवली. 1999 साली जमात आणि राज्य सरकार यांनी मिळून वॉलआय पूर्ण बंद केला आणि तळ्यात लाखो पिल्लं सोडली. 2006 साली हंगाम पुन्हा उघडला. मधल्या काळात तिथे क्रॉपीचं पेव फुटलं होतं, आणि माणसं हिवाळ्यात दूरदुरून ते मोठाले क्रॉपी पकडायला जात होती. वॉलआय परतला तसे क्रॉपी पुन्हा कमी झाले. तळं रिकामं राहत नाही. कुणी ना कुणी जागा धरतो. पण हवा असलेला परत यायला माणसांना वाट बघावी लागली.

थांबण्याची एकच रीत नसते, हेही इथेच कळतं. ओजिब्वे लोक पिढ्यान्पिढ्या वसंतात, अंड्यांच्या दिवसांतच, रात्री उजेड धरून भाल्याने वॉलआय मारत आले आहेत. अमेरिकेच्या सरकारशी झालेल्या 1837 च्या करारात जमीन देताना त्यांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. 1999 साली मिल लॅक्स तळ्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस या भालामारीविरुद्ध होड्या उतरवायच्या धक्क्यांवर जमाव जमले, शिव्या दिल्या गेल्या, दगड मारले गेले. प्रत्यक्षात त्या धक्क्यांवर प्रत्येक मासा मोजला जातो आणि ठरलेला आकडा झाला की भाला खाली ठेवला जातो. आमचा नियम दिवसांचा, त्यांचा नगांचा. बत्तीच्या उजेडात पाण्यात वाकलेली माणसं हे चित्र मला परकं वाटत नाही. वलगणीच्या रात्रींपेक्षा त्यात एकच गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे मोजणारा माणूस.

हंगामाचं हे सगळं शहाणपण मात्र बराच काळ मानाच्या माशांपाशीच थांबलं होतं, आणि ते का, हे मला जूनच्या सुरुवातीला धक्क्याच्या फळ्यांवर पालथं पडून पाहिल्यावर उमगलं. पाणी वीस अंशांकडे सरकलं की ब्लूगिल घरटी करतात. ढोपरभर पाण्यात, वाळूवर, शेजारी-शेजारी, ताटाएवढी गोल खळगी. शेपटीने गाळ उडवून तळ स्वच्छ केलेला. प्रत्येक खळगीत एक नर, छाती तांबूस-केशरी, कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका. मादी येते, अंडी देते, जाते. मागे राहतो बाप. तो पंखांनी पाणी हलवत अंड्यांना ताजं पाणी देत राहतो, फारसं काही खात नाही, आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो. मी एक वाळकी काडी खळगीवर धरली तर त्याने ती ढोसली. बोट धरलं तर बोटाला धडक दिली. हाताच्या पंजाएवढा जीव. मला हाकलून दिल्याची खात्री पटल्यावरच परत अंड्यांवर गेला.

माणसांच्या जगात त्याची हीच निष्ठा त्याच्या मुळावर येते. घरट्यावर पडलेली कुठलीही वस्तू तो तोंडाने उचलून बाहेर टाकायला बघतो, मग त्या वस्तूत गरी का असेना. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत दक्ष नर सगळ्यांत आधी बादलीत जातो. तो गेला की काही मिनिटांत बाकीचे मासे अंडी फस्त करतात. याचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. मोठे नर असतात तोवर लहान नरांना घरट्याची जागा मिळत नाही, म्हणून ते आधी वाढत राहतात. मोठे नाहीसे झाले की लहान वयातच पोरं बाप होतात, अंगाची वाढ तिथेच खुंटते, आणि काही वर्षांत ते तळं बोटभर माशांचं होऊन बसतं. मासे असतात, हजारांनी असतात. पण मोठा कुणीच नसतो.

अंडी टाकून जाणाऱ्या आईला कायद्याने अडीच महिने दिले, आणि अंड्यांवर बसलेल्या बापाला एक दिवसही दिला नाही. त्यामागे काही दुष्टपणा नव्हता. ब्लूगिल म्हणजे पोरांचा मासा, गांडूळ आणि बूच घेऊन कुणीही पकडावा असा. त्याची काळजी घ्यावी असं कुणाच्या मनातच आलं नाही. मानाच्या माशाला नियम मिळाला, घरच्या माशाला गृहीत धरलं. अलीकडे राज्याच्या मत्स्यविभागाने निवडक तळ्यांवर रोजचे पाच किंवा दहाच सनफिश न्यायची मर्यादा घातली आहे. बऱ्याच तळ्यांवर अजूनही वीसची मुभा आहे, आणि घरट्यावरचा बाप बारा महिने उघडा आहे.

शेजारच्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी बादलीत हात घालून सगळ्यांत मोठा ब्लूगिल काढला, अलगद पाण्यात सोडला आणि म्हणाले, ‘मोठा पाण्यात, मधला तव्यात. माझ्या वडिलांचं गणित. कारण त्यांनीही सांगितलं नव्हतं.’ हे ते अर्थात इंग्रजीत बोलले. मराठीत ते माझ्या घरी यमकासकट रुजलं.

म्हणून मधल्याची गोष्ट तव्याशी. इथले लोक माशाचे काटे काढून फक्त तुकडे ठेवतात, पिठात बुडवून तळतात, आणि वॉलआय तसा झकास लागतोच. पण त्याच्या गालांचे रुपयाएवढे दोन तुकडे सोडून बाकी डोकं फेकून देतात, हे बघून माझ्यातली कोकणी बाई अजूनही कळवळते. डोक्याचं मी सार करते. ब्लूगिल खवले काढून, दोन्ही अंगांना चिरा देऊन, हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवते. मग तांदळाचं पीठ आणि रवा, आणि बिडाचा तवा. समुद्राच्या मासळीची खारी धार त्याला नाही. त्याची गोडी बारीक आहे, आगळाने ती उघडते. आमच्या घरचा कायदा तव्याने ठरवलेला आहे. एका वेळी तीन मावतात, दोन घाण्यांत आम्हा तिघांचं पोट भरतं. परवान्यावर वीस लिहिलेले असोत, आम्हाला सहा पुरतात.